अ‍ॅनेट केलरमनला खरंच अटक झाली होती?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू अ‍ॅनेट केलरमन इंग्लिश खाडी पोहणारी पहिली स्त्री होती आणि अंगाबरोबरच्या पोशाखामुळे तिला अटक झाली, असं ऐकलं. खरं काय? सिनेमात गेल्यावर तिने पोहणं सोडलं का?

उत्तर : खाडीचं आधी सांगतो. नाही. १९०५ साली तिने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अर्ध्यातून बाहेर यावं लागलं. पुरुष अंगावर कपडा न ठेवता उतरू शकत. तिला पोशाखाची सक्ती, आणि तो घासून तिच्या काखा सोलून निघाल्या. पहिली स्त्री अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली, १९२६ साली.

अटकेची गोष्ट १९०७ सालची, बोस्टनजवळच्या रिव्हिअर किनाऱ्यावरची म्हणून सांगतात. ती मुख्यतः अ‍ॅनेटच्याच तोंडून आलेली आहे आणि अभ्यासकांना त्या गोष्टीबद्दल शंका आहेत. रंगमंचावर वावरलेली बाई. गोष्ट रंगवणं तिला जमत असणारच! मला खटकतं ते हे, की या एका किश्शापायी बाकी सगळं झाकलं जातं. १८८६ साली सिडनीत जन्मलेल्या या मुलीचे पाय इतके कमजोर होते, की त्यांना पोलादी पट्ट्या बांधाव्या लागत. पायांत बळ यावं म्हणून तिला पोहायला घातलं. १९०२ साली तिने न्यू साउथ वेल्स राज्याची महिलांची १०० यार्ड आणि एक मैल, अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. मैलाची वेळ ३३ मिनिटं ४९ सेकंद. मी पोहायला शिकवतो, म्हणून सांगतो, आजही हौशी पोहणाऱ्याचा या वेळेत दम निघेल.

पोहणं तिने सोडलं नाही, त्यावरच पोट भरलं. आधी काचेच्या टाकीतले खेळ, मग मूकपट. १९१६ चा ‘अ डॉटर ऑफ द गॉड्स’ जमैकात चित्रित झाला. त्याची प्रत आज उपलब्ध नाही, ही हळहळ आहेच.

पुस्तकं मात्र उरली. १९१८ च्या ‘हाउ टू स्विम’मध्ये ती पोशाखावर सरळ बोलते : पोशाख दोनच प्रकारचे, एक पाण्यात चालणारे, दुसरे फक्त कोरड्या जमिनीवर. जड, झग्याचा पोशाख घालायला लावणारा तुमच्या जिवावर उठलाय, असंही ती बजावते. लोक मर्यादेचा वाद घालत होते, ती बुडण्याबद्दल बोलत होती. भिजलेलं जाड कापड मांड्यांना गुंडाळलं की पाय मारणार कसे? माझ्या लेखी तिची खरी कामगिरी ही. पुढे १९२६ साली तिने मुलांसाठी दक्षिण समुद्रातल्या परीकथाही लिहिल्या.

प्रश्न : तिच्यावर चित्रपट आहे का?

उत्तर : आहे. ‘मिलियन डॉलर मरमेड’, १९५२. भूमिका एस्थर विल्यम्सची. तीही पोहण्यातली विजेती, अमेरिकेची राष्ट्रीय. युद्धामुळे १९४० चं ऑलिंपिक रद्द झालं आणि ती सिनेमाकडे वळली. १९९९ साली तिने आत्मचरित्र लिहिलं, त्यालाही याच चित्रपटाचं नाव दिलं. चित्रपट जरूर बघा, फक्त इतिहास म्हणून बघू नका.