कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत कोणत्या निकषावर वाटले गेले?

नदी ज्या राज्यात उगम पावते त्या राज्याचीच ती होते, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. तसे असते तर महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा सगळी महाराष्ट्राचीच ठरली असती. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे खात्रीने मिळेल इतकेच, म्हणजे २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी गृहीत धरले आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला व ८०० तत्कालीन आंध्र प्रदेशाला दिले. आधीपासून चालू असलेल्या वापराला त्याने मोठे संरक्षण दिले, त्यामुळे ज्यांचे कालवे आधी झाले त्यांचे पारडे जड राहिले, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेला वाशिष्ठी नदीत जाते, तेही महाराष्ट्राच्याच वाट्यात मोजले जाते, ही गोष्ट सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सहज पटत नाही. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये महाराष्ट्राचा वाटा ६६६ टीएमसी ठरवला. परंतु २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निवाड्याच्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि पुढे २०१४ मध्ये तेलंगण हा चौथा वाटेकरी उभा राहिला.