किती वेळ की किती वेळा?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या 2024च्या निवडणुकीवरच्या जुन्या बातमीचा मथळा वाचला, ‘वादविवादावरून उमेदवारांत वाद, किती वेळ भिडायचे यावर एकमत नाही’. एका ओळीत ‘वाद’ दोनदा आला तर चालतो का? डिबेटला दुसरा शब्द नाही का?

‘वाद’ दोनदा आला त्यापेक्षा मला ‘किती वेळ’ जास्त खटकलं. मराठीत ‘वेळ’ दोन आहेत. ‘बसमध्ये फार वेळ गेला’ यातला वेळ पुल्लिंगी, म्हणजे कालावधी. ‘मुहूर्ताची वेळ गेली’ यातली वेळ स्त्रीलिंगी, म्हणजे नेमका क्षण किंवा प्रसंग. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत हीच दुसरी वेळ आहे. तिचंच अनेकवचन ‘वेळा’. त्यामुळे ‘किती वेळ’ विचारलं तर उत्तर तासांत येतं आणि ‘किती वेळा’ विचारलं तर खेपांत. एका कान्याने प्रश्नच बदलतो.

दोन्ही एकत्र बघायचे असतील तर 1858 साल घ्या. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या सिनेटच्या जागेसाठी लिंकन यांनी स्टीफन डग्लस यांना जाहीर वादाचं आव्हान दिलं. लिंकन अध्यक्ष झाले ते पुढे. ही निवडणूक तर त्यांच्या हातून गेलीच. डग्लस यांनी सात ठिकाणं मान्य केली, म्हणजे ‘किती वेळा’चं उत्तर सात. प्रत्येक ठिकाणी पहिला वक्ता तासभर बोलणार, दुसरा दीड तास, मग पुन्हा पहिला अर्धा तास. म्हणजे ‘किती वेळ’चं उत्तर तीन तास. पहिलं बोलण्याची पाळी डग्लस यांना चार वेळा आणि लिंकन यांना तीन वेळा मिळाली.

2024चं भांडण तासांवरून नव्हतं, निव्वळ खेपांवरून होतं. 10 सप्टेंबरला फिलाडेल्फियात अध्यक्षपदाचे उमेदवार ट्रम्प आणि हॅरिस डिबेटसाठी समोरासमोर आले. हॅरिस यांना पुन्हा एकदा भेट हवी होती. सीएनएनने 23 ऑक्टोबरसाठी दिलेलं निमंत्रण त्यांनी स्वीकारलं. ट्रम्प यांनी मात्र ‘तिसरी होणार नाही’ असं आधीच जाहीर केलं होतं, आणि या निमंत्रणावर आता फार उशीर झाला, मतदान सुरू झालंय, असं म्हटलं. इथे शब्दांकडे नीट बघा. हॅरिस यांच्या हिशेबाने ती दुसरी होती. ट्रम्प 27 जूनला अटलांटात, हॅरिस यांच्याआधी उमेदवार असलेल्या बायडन यांच्याशी झालेलीही मोजत होते, म्हणून त्यांची ती तिसरी. बातमीत ‘तिसरी’ लिहायचं तर कोणाची तिसरी, हे सांगायलाच हवं.

आता ‘वाद’. या शब्दाचा भाव मराठीत क्रियापद ठरवतं. वाद ‘घातला’ की तो भांडणाकडे झुकतो. गोंधळ, धिंगाणा, हुज्जत हेही आपण घालतोच. (हुज्जत मुळात अरबी, तिथे तिचा अर्थ पुरावा. आपल्याकडे येईपर्यंत तिची पार कटकट झाली.) ‘वाद घालू नकोस’ हे आईचं वाक्य कानात असलेल्याला ‘ट्रम्प आणि हॅरिस यांनी वाद घातला’ वाचून व्यासपीठ दिसणार नाही, तंटा दिसेल. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, मात्र वादाचा मान मोठा होता. तत्त्व शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायची ती वितंडा. वितंडा आपल्याकडे ‘वितंडवाद’ म्हणून टिकली. जल्प विस्मृतीत गेला होता, तो आंतरजालावर ट्रोलसाठी ‘जल्पक’ होऊन परतला, याचा मला फार आनंद आहे.

‘वादविवाद’ चुकीचा नाही, पण त्याला शाळेच्या स्पर्धेचा वास आहे: एक ठराव, एक बाजूने बोलणारा, एक विरोधात. उमेदवारांपुढे असा एक ठराव नसतो. सूत्रसंचालक अर्थव्यवस्थेपासून गर्भपातापर्यंत प्रश्न विचारत जातात. म्हणून मी ‘वादचर्चा’ निवडतो. त्यात विरोध आहे आणि विषयांची ये-जाही आहे. काही जण ‘आमनेसामने’ सुचवतात. पण अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या 13 ऑक्टोबर 1960च्या तिसऱ्या वादचर्चेत निक्सन लॉस एंजेलिसमध्ये होते आणि केनेडी न्यूयॉर्कमध्ये. टीव्हीच्या पडद्यावर तेवढे एकत्र दिसत होते. तिथे ‘आमनेसामने’ही लटका पडतो आणि ‘एका व्यासपीठावर’ही. ‘फेरी’ही नको, फेरी म्हटली की कोणीतरी बाद होऊन पुढची सुरू होणार असं वाटतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एका ओळीत ‘वाद’ दोनदा आला तर व्याकरण मोडत नाही, पण वाचणारा अडखळतो. मी लिहीन: ‘वादचर्चा किती वेळा व्हावी, यावरून उमेदवारांत मतभेद’. जागा कमी असेल तर ‘कितीदा’ वापरा. त्यात कान्याचा घोळ व्हायची भीतीच नाही.