हसरा फोटो कशासाठी?

प्रश्न : ‘आय एम स्टिल हिअर’ हा ब्राझीलचा सिनेमा पाहिला. नवरा बेपत्ता असताना युनिस मुलांना हसून फोटो काढायला लावते. आईला ते खटकलं. तुम्हाला?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मला मनापासून पटलं. जानेवारी १९७१ मध्ये लष्करी राजवटीच्या माणसांनी युनिसच्या नवऱ्याला, रुबेन्स पायवांना, रिओतल्या घरातून नेलं, ते परतलेच नाहीत. युनिसलाही १२ दिवस कोठडीत डांबलं. मासिकाच्या फोटोग्राफरला पडलेले चेहरे हवे होते. ती कशाला देईल? आणीबाणीत आमच्या शेजारच्या काकांना रातोरात उचललं, तेव्हा काकू रोज सडा-रांगोळी करायच्या, तीही अगदी रस्त्यावरून दिसेल अशी ठसठशीत. युनिस पुढे वकील झाली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हाती पडायला १९९६ उजाडलं. आईंना एवढं जरूर सांगा.