पांढऱ्या पेशी वाढल्या, मग हिमोग्लोबिन का नाही?

प्रश्न : माझ्या मायची केमो नागपूरला सुरू आहे. केमोनंतर पेशी वाढवायचं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन गावातल्या सिस्टर रोज पोटावर देतात. पांढऱ्या पेशी वाढतात, पण हिमोग्लोबिन ९ वरून हलत नाही. इंजेक्शन थांबवल्यावर दोन दिवसांत पेशीही निम्म्यावर आल्या. औषध नकली तर नाही? कंबर लय दुखते म्हणते.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, तुम्ही पाठवलेले सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे कागद पाहिले. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६०० वरून ४,२०० वर गेल्यात. औषधानं आपलं काम केलंय. फक्त ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांतच ठेवा, फ्रीजरमध्ये नको. नागपूरहून आणताना सुई थेट बर्फाला लागू देऊ नका.

आपल्या शरीरात जी-सीएसएफ नावाचं सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारं प्रथिन असतं. फिलग्रास्टिम म्हणजे तेच, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. रक्तातून ते सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारा खाचा आहे तिच्यावरच परिणाम करतं. भर बाजारात हाक मारली तरी ज्याचं नाव घेतलं तोच वळतो, तसं. हा रिसेप्टर न्यूट्रोफिलवर आणि हाडाच्या मज्जेत त्या घडवणाऱ्या पेशींवर असतो. लाल पेशी घडवणाऱ्यांना लागतो एरिथ्रोपोएटिन या दुसऱ्याच संप्रेरकाचा रिसेप्टर. म्हणून या इंजेक्शननं हिमोग्लोबिन वाढत नाही; त्याचं डॉक्टरांना वेगळं विचारा. लोह, बी-१२ तपासायचं का तेही विचारा.

पेशी उतरल्या त्याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. तयार न्यूट्रोफिलवरही हा रिसेप्टर असतो. तो जी-सीएसएफला धरतो, पेशीच्या आत ओढतो आणि तिथं ते संपतं. म्हणजे पेशी जितक्या वाढतील तितकं औषध लवकर उडतं. थोडं मूत्रपिंडातूनही जातं. इंजेक्शन थांबलं की एक-दोन दिवसांत आकडा निम्म्यावर येणं अपेक्षितच असतं. २,१०० वर पुढची केमो द्यायची का, हे तुमचे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील.

कंबरदुखी बहुतेक मज्जेत पेशी घडवण्याच्या धावपळीचीच आहे. आजार हाडात गेला, असं मायला कोणी सांगत असेल तर थांबवा. तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच. मात्र दुखतं म्हणून पॅरासिटामॉल देण्याआधी थर्मामीटर लावा, नाहीतर ताप झाकला जातो. पेशी कमी असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर रात्र असो की पाऊस, गाडी करून लगेच दवाखान्यात न्या आणि केमो सुरू आहे हे दारातच सांगा.