क्रूझर घेताना आधी माकडहाडाला विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच विचारत फिरत होतो. सहा वर्षं ४०० सीसीची नेकेड (बाहेरून आवरण नसलेली, जरा पुढे वाकून चालवायची बाइक) चालवलीत, आता चाळिशी ओलांडली, कंबर कुरकुरते, आणि मन कावासाकी व्हल्कन एस, रॉयल एन्फिल्ड सुपर मीटिओर ६५०, होंडा रेबेल ५०० आणि सेकंडहँड हार्ले आयर्न ८८३ या चौघी क्रूझरमध्ये, म्हणजे लांब, बुटक्या, पाय पसरून बसायच्या बाइकमध्ये अडकलंय. मित्र म्हणतात, ‘एवढं मोठं इंजिन आणि पॉवर एवढीच?’ आणि तुम्ही विचारताय की आराम आणि रुबाब यांच्यासाठी परफॉर्मन्सवर पाणी सोडावं का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आराम आणि रुबाब तुम्ही एकाच पारड्यात टाकलेत आणि परफॉर्मन्स दुसऱ्या. हिशेब तिथेच चुकतोय. क्रूझरमध्ये खरं भांडण आराम आणि पॉवर यांच्यात फारसं नसतंच. ते असतं आराम आणि रुबाब यांच्यात, आणि त्याचं बिल पाठ भरते.

माझी पहिली क्रूझर मी डोळ्यांनी घेतली. (नाव घेत नाही, दोष कंपनीपेक्षा माझ्या डोळ्यांचा जास्त.) लांब, बुटकी, मागचं चाक मडगार्डमध्ये असं घुसलेलं की मध्ये दोन बोटं जाणार नाहीत. टेस्ट राइड सात-आठ मिनिटांची, गुळगुळीत रस्त्यावर. सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं. पहिल्या लांब राइडला नव्वदेक किलोमीटरवर माकडहाड बोलायला लागलं. दीडशेवर मी पेट्रोलचं निमित्त करून थांबलो, टाकी अर्धी भरलेली असताना. पंपावरच्या पोराने झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

कारण साधं आहे. सीट खाली हवी आणि चाक-मडगार्डमधली फट दिसता कामा नये, म्हणून मागच्या शॉकअपची हालचालच कापलेली असते. आयर्न ८८३ ला सुरुवातीच्या वर्षांत मागे जेमतेम ४ सेंटिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअपची वर-खाली हालचाल, होता. व्हल्कन एसला ८ आहे, सुपर मीटिओरला १० च्या आसपास. तुमच्या नेकेडला बहुधा १२-१३ असेल. चार सेंटिमीटरमध्ये गाडी, तुम्ही आणि मागे बसलेलं माणूस, एवढं सगळं पेलायचं तर स्प्रिंग कडकच ठेवावी लागते. मऊ ठेवली की पहिल्याच खड्ड्यात शॉकअप खाली आपटतो. सीटचा फोम कितीही जाड असू द्या, तो शॉकअपचं काम करू शकत नाही. उलट फार मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि खालचा पत्रा लागायला लागतो. शोरूममध्ये सगळ्यात गुबगुबीत वाटणारी सीट दोनशे किलोमीटरनंतर सगळ्यात वाईट निघते, हे मी तीन गाड्यांवर अनुभवलंय.

आता पाय. नेकेडवर स्पीडब्रेकर दिसला की आपण नकळत काय करतो? पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर) जोर देतो, बूड सीटवरून दोन बोटं उचलतो, धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले, अंगाचा भार पायांवर घेताच येत नाही. हँडलला ओढून उठायचा प्रयत्न केलात तर गाडी वळवळते. म्हणजे प्रत्येक धक्का थेट बुडातून मणक्यात. शिवाय पाय पुढे गेले की कमरेचा खालचा भाग मागे गोल होतो, खुर्चीत घसरून बसल्यासारखा, आणि मणक्याचा नैसर्गिक बाक सपाट होतो. ‘पाय लांब करून आरामात’ हे फोटोत खरं दिसतं. कंबर आधीच दुखरी असेल तर पाय गुडघ्यांखाली येणारी बैठक जास्त मानवते. माझ्या फिजिओथेरपिस्टने हे मला स्टुलावर बसवून दोन मिनिटांत पटवलं.

या एका गोष्टीवर चौघींत बराच फरक आहे. रेबेलचे पेग मधोमध आहेत, चौघींत त्यातल्या त्यात सरळ बैठक तिचीच. व्हल्कनचे पुढे आहेत, पण तीन जागी लावता येतात, मूळ जागेपासून साधारण एक इंच पुढे किंवा मागे. इंच म्हणजे काही नाही असं वाटेल, पण गुडघ्याचा कोन बदलतो आणि दोन तासांनी तो जाणवतो. सुपर मीटिओरचे पुढेच आहेत.

वारा लोक विसरतातच. ताठ बसून हात पुढे केलेला माणूस म्हणजे शीड. ८० वरून ११० ला गेलात की वाऱ्याचा रेटा जवळजवळ १.९ पट होतो आणि तो कापायला लागणारी पॉवर अडीच पटीहून जास्त. नेकेडवर थोडं वाकलात की वारा छातीचा भार उचलतो. क्रूझरवर मागे रेललेले असता, त्यामुळे तुम्ही हँडलला लोंबकळता. शंभरच्या पुढे खांदे आणि मनगटं दमतात ती यामुळे. उंच विंडशील्ड लावली की गाडी थोडी काकांची दिसते, मान्य. लावा.

आता मित्रांच्या टोमण्याकडे येऊ. व्हल्कन एस ६४९ सीसी, साधारण ६१ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). सुपर मीटिओर ६४८ सीसी, ४७ पीएस. रेबेल ४७१ सीसी, ४६ च्या आसपास. आयर्न ८८३ सीसी असून पन्नासेक. कागदावर आयर्न अगदीच केविलवाणी दिसते, पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळायचा जोर, बघा. ती सत्तरीच्या जवळ न्यूटन-मीटर देते, व्हल्कन ६३, सुपर मीटिओर ५२, रेबेल ४३. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. कमी आरपीएमला जास्त ओढणारं इंजिन बनवलं की वरचा आकडा आपोआप खाली येतो. ती कंजुषी नव्हे. (४७ हा आकडा वारंवार दिसतो त्याचं आणखी एक कारण युरोपातला मधल्या ताकदीच्या बाइकसाठीचा ए-टू परवाना. त्याची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे जवळपास तेवढीच.)

एक उदाहरण घ्या. सुपर मीटिओरबद्दल कंपनीचा दावा असा की २५०० आरपीएमलाच ८० टक्के टॉर्क हातात येतो, म्हणजे सुमारे ४२ न्यूटन-मीटर. रेबेलचा सर्वोच्च टॉर्क ४३, आणि तो ६००० ला. म्हणजे एक गाडी गुरगुरत असताना जे देते ते दुसरीला किंचाळून मिळवावं लागतं. मात्र इथेच थांबू नका. सुपर मीटिओर २४१ किलोची, रेबेल १९० च्या आसपास. तुम्ही ८० किलोचे धरलात तर एक इंजिन ३२० किलो ओढतंय आणि दुसरं २७०. त्यामुळे सिग्नलवरून निघताना रेबेल अजिबात मागे राहत नाही, फक्त गिअर जास्त पाडावे लागतात. मला गिअर पाडायला आवडतात. तुम्हाला कंटाळा असेल तर ती गाडी तुमची नाही, पीएस कितीही असोत.

म्हणून शून्य ते शंभरचे व्हिडिओ बघत बसू नका. क्रूझरची परीक्षा एकच: टॉप गिअरला ८० वर चालताना समोर ट्रक आहे, गिअर न पाडता गॅस पिळलात तर ती किती वेळात ११० ला जाते, आणि मागे कोणी बसलं असताना किती वेळात. यात व्हल्कनने मला सगळ्यात सुखद धक्का दिला. तिचं इंजिन मुळात कावासाकीच्याच निन्जा ६५० या स्पोर्ट बाइकच्या घराण्यातलं, खालच्या आरपीएमसाठी नव्याने जुळवलेलं. वर पिळली की जुने संस्कार बाहेर येतात.

पण ज्याला तुम्ही परफॉर्मन्स म्हणता, तो नेकेडवरून आलेल्या माणसाला सरळ रस्त्यावर नाही, वळणावर आठवतो. गणित शाळेतलंच आहे. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. गाडी ३० अंश झुकवलीत तर ते साधारण ६० च्या वेगाने निघतं, ४० अंश झुकवलीत तर ७३ ने. बहुतेक क्रूझरचे पेग तिशीच्या आसपास जमिनीला लागतात. मागचा टायर रुंद असेल तर त्याच वेगाला गाडी अजून जरा जास्त झुकवावी लागते, म्हणजे पेग अजून लवकर टेकतो. सहा वर्षांची सवय तुमच्या हातात आहे. तुम्ही नेहमीच्या वेगाने वळणात शिराल आणि मध्यात खर्रर्र ऐकू येईल.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून गॅस सोडला, आणि तीच चूक. गॅस सोडला की गाडी अजून खाली बसते. पेगखाली एक छोटा बोल्ट लोंबत असतो, तो आधी घासतो, ती सूचना समजायची. पेग वर दुमडतो, तोवर ठीक. त्यानंतर सायलेन्सर किंवा स्टँड टेकलं तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. तेव्हा घासलं की गॅस तसाच धरायचा, खांदे आणि डोकं वळणाच्या आत न्यायचं, आणि पुढचं वळण दहाने कमी वेगात. पहिला महिना एवढंच करा. मागे माणूस बसवताना शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवायला विसरू नका, नाहीतर उरलेली जागाही संपते.

ब्रेकबद्दल थोडक्यात: व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) लांब, वजन खाली आणि मागे, त्यामुळे क्रूझरवर मागचा ब्रेक नेकेडपेक्षा खूप जास्त कामाचा. तुम्ही तो वापरत नसाल तर शिका. जुनी आयर्न बघणार असाल तर एबीएस आहे का ते आधी तपासा, सगळ्यांना नव्हतं.

वजन चालताना कळत नाही, ढकलताना कळतं. एकदा मी गाडी उतारावर भिंतीकडे तोंड करून लावली. सीट खाली, दोन्ही पाय टेकलेले, निवांत. परत निघताना लक्षात आलं की अडीचशे किलो मागे चढावर ढकलायचेत आणि गाडीला रिव्हर्स नाही. शेवटी दोन अनोळखी माणसांनी ओढली. तेव्हापासून पार्किंगला उलटीच आत घालतो.

मागच्या सीटबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, ‘बायको कधीतरी येईल.’ तिला टेस्ट राइडला न्या. मडगार्डवर ठेवलेली ती छोटी उशी देखणी असते, पण तिच्यावर बसलेल्या माणसाला धरायला काही नसतं आणि चार सेंटिमीटरचा शॉकअप थेट त्याच्याखाली असतो. आमच्या घरातली बाई सत्तर किलोमीटरनंतर उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘येताना मी बसने येते.’ आली बसनेच.

आवाजाचा मोह मलाही आहे, तेव्हा उपदेश करत नाही. आयर्नच्या ४५ अंशी व्ही-ट्विनमध्ये (दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात) दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर, म्हणजे क्रँक या मुख्य दांड्याच्या एकाच खिळीवर, असतात, म्हणून ठोके ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतराने पडतात. ते लंगडणं दुसऱ्या इंजिनाला जमत नाही. सुपर मीटिओरचा क्रँक २७० अंशांचा, म्हणून सिलिंडर शेजारी-शेजारी असूनही आवाज व्ही-ट्विनच्या वळणाचा. व्हल्कन आणि रेबेल १८० अंशी, त्या कानाला नेकेडसारख्याच. हे मन मोडणारं असेल तर आत्ताच कबूल करा, वर्षभराने गाडी विकण्यापेक्षा बरं. मात्र एअर-कूल्ड (वाऱ्याने थंड होणारी) व्ही-ट्विन ट्रॅफिकमध्ये मांडी भाजते, हे आवाजाच्या व्हिडिओत दिसत नाही.

तर निवड. तुमच्या कंबरेसाठी आयर्न नको, कितीही चांगल्या अवस्थेतली मिळाली तरी. एकटेच फिरणार आणि उंची फार नसेल तर रेबेल. हायवे जास्त आणि मित्रांना उत्तरही द्यायचं असेल तर व्हल्कन, पेग सगळ्यात मागच्या जागी लावून. सुपर मीटिओरवर जीव जडलाच असेल तर तीही घ्या, पण सीट बदलायची हे धरूनच. एक खोडसाळ पर्यायही सांगतो: रॉयल एन्फिल्डचीच इंटरसेप्टर ६५०. सुपर मीटिओरचंच ६४८ सीसी इंजिन, तिच्यापेक्षा वीसेक किलोंनी हलकी, पाय अंगाखाली. क्रूझर नाही, कबूल. पण तुम्हाला क्रूझर हवी आहे की फक्त नेकेडच्या वाकण्यातून सुटका, हे तिच्यावर अर्धा तास बसलात की कळेल.

टेस्ट राइड तासभराची मागा. नाही दिली तर निदान उभ्या गाडीवर पाय पेगवर ठेवून वीस मिनिटं बसा, सेल्समनला गाडी धरायला सांगा. तो कंटाळेल. तुम्ही घड्याळाकडे बघू नका, कुठला अवयव आधी कुरकुरतो तेवढं बघा.

आणि शेवटचा प्रश्न, क्रोम की मॅट काळा: दोन्ही नको, चकचकीत काळा. क्रोमला ओल लागली की बारीक पुरळ उठतं, आणि मॅटवर पॉलिश चालत नाही, ओरखडा पडला की तो गाडीबरोबरच म्हातारा होतो.