घरातून काम करणारीने विम्याचा कागद कसा वाचावा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बेळगावात वडगावच्या घरी वरच्या खोलीत बसून तू पुण्याच्या कंपनीचं काम करतेस, खाली बाबांचे दोन माग चालू असतात, आणि आता घराचा विमा काढायचं घाटतंय, हे कळलं. काढच. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. घराचा विमा हा घराचा असतो, घरात चालणाऱ्या कामाचा नसतो. आपल्याकडे बहुतेकांची निराशा इथेच होते.

'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच मूळ अटींची, पॉलिसी 1 एप्रिल 2021पासून आहे. आग, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं तिच्यात येतं. विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जागेची किंमत त्यात धरायची नाही, प्लॉट काही वाहून जात नाही. बांधकाम 25 लाखांचं धरलंस तर घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 5 लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मर्यादा 10 लाख. त्याहून जास्त हवं असेल तर सामानाची यादी द्यावी लागते. दागिन्यांचं वेगळं सांगावं लागतं.

आता तुझ्या टेबलाकडे ये. वळवाचा पाऊस आपल्याकडे कसा येतो ते तुला माहीत आहे. चार वाजता आभाळ काळं होतं, कडाड्कन वीज पडते, लाईट जाते आणि येते तेव्हा दाबाने येते. यूपीएसमधून जळका वास येतो, मॉनिटर काळा पडतो, राऊटर गेलेला असतो. पॉलिसीत वीज कोसळण्याचं संरक्षण लिहिलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण त्याच कागदात पुढे अपवाद आहे: जादा दाब, शॉर्ट सर्किट किंवा गळती यामुळे विजेवर चालणारं उपकरण स्वतःच जळलं, तर त्या उपकरणाची भरपाई नाही. जळण्याचं कारण आकाशातली वीज असलं तरी नाही. त्या उपकरणातून आग भडकून घर किंवा बाकी सामान जळलं, तर त्याची भरपाई मात्र मिळते. एवढी ओळ तू स्वतः शोधून वाच, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. तुझी स्वतःची महागडी उपकरणं असतील तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा विचार. आणि त्याच्याही आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे. जुन्या घरांत ते बहुतेक नावापुरतंच असतं.

लॅपटॉप कंपनीचा आहे ना? मग तो तुझ्या पॉलिसीत धरू नकोस. तुझ्या घरी तो चोरीला गेला किंवा भिजला तर खर्च कोणाचा, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घे. चोरीचंही नीट समजून घे. मूळ पॉलिसीत पूर, आग अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडावं लागतं.

बाबांचे माग हे घरसामान नव्हे. त्यांना, सुताला आणि तयार साड्यांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'सारखी व्यवसायाची पॉलिसी लागते. आणि फॉर्ममध्ये खाली माग चालतात हे स्पष्ट लिहा. हप्ता वाढेल म्हणून लपवू नका. लपवलेलं नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला पहिल्याच भेटीत दिसतं, आणि मग अख्खा दावाच अडतो.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 आठव. गोकाक, निपाणी, चिक्कोडी, खानापूर, सगळीकडे पाणी. तेव्हा मातीच्या भिंती कोसळलेल्या किती घरांची कागदपत्रं अजून आजोबांच्याच नावावर होती! तुमचंही तसंच असेल तर वारसा लावून घ्या. उतारा, घरपट्टीची पावती, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल हे सगळं कन्नडमध्ये असतं आणि नावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. आधारशी जुळवून ठेव. दावा करायची वेळ आली तर ही धावपळ नको. खोलीचे, सामानाचे फोटो आणि बिलं मोबाइलवर न ठेवता ईमेलवर टाकून ठेव. कागदपत्रं, रोकड यांना ही पॉलिसी धरतच नाही. तुझ्या फाइलींचा बॅकअप तुलाच घ्यायचा आहे.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार कर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. कोल्हापूरचे नातेवाईक पुण्याचं ऑफिस सांगतील, पण आपण कर्नाटकात आहोत, आपली तक्रार बंगळूरला जाते.

दोन-तीन कंपन्यांकडून कोटेशन मागव आणि सही करण्याआधी मला दाखव. अपवादांचं पान बरोबर असू दे, नुसतं माहितीपत्रक नको. पाऊस सुरू व्हायच्या आत हे उरकून घेऊ.

तुझा काका