ज्याला साधं करून सांगता येत नाही त्याला विषय कळलेलाच नसतो, हे खरं का?

प्रश्न असा आहे: तज्ज्ञ मंडळी सरळ बोलायचं सोडून अवघड परिभाषा का वापरतात? आणि सहा वर्षांच्या मुलाला समजावता येत नसेल तर ते तुम्हालाच समजलेलं नाही, असं आईनस्टाईन म्हणाला होता, ते बरोबर ना?

ते वाक्य आईनस्टाईनच्या नावावर खपवलं जातं, त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. आणि कोणीही म्हटलेलं असलं तरी मला ते मान्य नाही. मी लिहिलेल्या एका साध्या शब्दापायी माझ्या मामाचं शेत तीन वर्षं खारं पडून राहिलं.

माझं आजोळ गोव्यातल्या चोडणचं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की लागतं ते बेट. मामाचं शेत खाजनात. खाडीची भरती बांध घालून अडवायची आणि मागच्या जमिनीत भात घ्यायचं, ही गोव्याची जुनी शेती. आजही सुमारे 18,000 हेक्टर खाजन सांगतात. यातली बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणजे बांध गेला की सगळं गेलं. बांधात मानस असते. तिच्या लाकडी झडपा भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून खाडीत जातं. मोटर लागत नाही, रात्री उठून कोणाला जावं लागत नाही.

मामा चौथीपर्यंत शिकलेला. पावसाळ्यात तो रोज पहाटे बांधावरून चालायचा आणि हातात फेणीची रिकामी पांढऱ्या काचेची बाटली असायची. बांधाच्या आतल्या अंगाला कुठे पाणी झिरपताना दिसलं की तो उकिडवा बसून ते बाटलीत धरायचा, बाटली मेरेवर ठेवून विडी ओढायचा आणि मग उचलून तळ बघायचा. तळ स्वच्छ असला की पुढे जायचा. मातीचा बांध थोडाफार पाझरणारच, त्याला काही करायचं नसतं.

मी बारावी झाले त्या वर्षी, आषाढ वद्य अष्टमीला, मामा बाटली घेऊन घरी आला. तळाला बोटाच्या पेराएवढा करडा चिखल बसला होता. अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाण्याला जोर सगळ्यात कमी. तेव्हा ही गत, तर अमावास्येच्या उधाणाला काय होईल? हातात आठवडा होता. मानशीच्या उजव्या अंगाला, दगडी बांधकामाच्या बुडाशी ते पाणी येत होतं. एकट्याने निस्तरायचं काम नव्हतं ते. माणसं, वाळू, चिरे हवे होते, पैसा सरकारी खात्याचा आणि त्यासाठी अर्ज. घरात नीट मराठी लिहिणारी मी.

मामा म्हणाला, ‘बाय, हो पाझर न्हय. उदक चिकल घेवन येता.’

मी लिहिलं, ‘मानशीच्या उजव्या बाजूस बांधाला गळती लागली आहे.’

मला वाटलं, छान, सुटसुटीत, साहेबाला कळेल असं झालं. आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मामाने बाटली टेबलावर ठेवली, ती खाली ठेवायला सांगण्यात आलं. साहेबांनी अर्ज वाचला, वर इंग्रजीत ‘लीकेज’ लिहिलं आणि म्हणाले, ‘मामा, मातीच्या बांधाला गळती असायचीच. पावसाळा संपला की बघू.’ खरं सांगायचं तर गळतीला हेच उत्तर बरोबर आहे. मामाही रोज पहाटे तेच करत होता.

अमावास्येच्या रात्री बांध फुटला. सकाळी दहा-बारा हात खिंडार. सरदचं, म्हणजे पावसाळी, भात उभंच्या उभं गेलं. कोरगुट हे खाजनातलं भात खारं पाणी थोडंफार सोसतं, पण रोज दोन भरत्या डोक्यावरून गेल्यावर तेही काय करणार. तिसऱ्या वर्षापर्यंत कोपऱ्यात खारफुटीची रोपं गुडघ्याएवढी झाली होती.

पुढे फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला असताना सॉइल मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘पायपिंग’ लिहिलं. पाणी मातीतून जाताना बाहेर पडायच्या टोकापासून कण-कण सोबत नेतं, पोकळी मागे मागे सरकत जाते, शेवटी आरपार नळी होते आणि धरण बसतं. ओळखायची खूण काय? झिरपणारं पाणी स्वच्छ की गढूळ. उदाहरण होतं अमेरिकेतल्या टीटन धरणाचं. 1976 च्या जूनमध्ये आधी खालच्या बाजूला स्वच्छ झरे दिसले, 5 जूनला सकाळी गढूळ पाणी यायला लागलं आणि दुपारी बाराच्या आत 93 मीटर उंचीचं धरण फुटलं. अकरा माणसं गेली. मी वहीत काही लिहू शकले नाही. मला ती बाटली दिसत होती.

इलाजही मामाला माहीत होता. गढूळ पाण्याचं तोंड नुसतं बुजवायचं नसतं, ते दुसरीकडून फुटतं. त्यावर वाळू, पेंढा आणि वर चिऱ्यांचं वजन घालायचं, पाणी निघून जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, मग बाहेरच्या अंगाला कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ शोधून चिकणमातीने ठासायचं. गाळणथर कसा असावा याचे नियम ज्याने घालून दिले तो टेरझागी मृदा यांत्रिकीचा जनक मानला जातो. तत्त्व तेच आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर असं की परिभाषा म्हणजे फरक करून ठेवण्याची जागा. कोणीतरी पिढ्यान् पिढ्या बघून दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढलेल्या असतात. साधा शब्द वापरला की त्या पुन्हा एकत्र होतात. आणि परिभाषा फक्त इंग्रजी शिकलेल्यांची असते हा समज काढून टाका. पाझर, मानस, पोंय (खाजनातला पाण्याचा साठा), भांग, उधाण, सरद, वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) ही सगळी परिभाषाच आहे. साहेबांच्या शास्त्रातलं ‘पायपिंग’ आणि मामाचं ‘पाझर न्हय’ एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. मधला सोपा मराठी शब्द तेवढा माझा होता.

माझा मामेभाऊ आजही म्हणतो, शब्दाने बांध फुटत नाही, तू उगाच परिभाषेचे देव्हारे माजवतेस, चूक ऑफिसची होती. दादा, ऑफिसची चूक होतीच. पण तू स्वतः शेतकऱ्यांच्या संघटनेचा पदाधिकारी असताना दुरुस्तीच्या कागदात मानशीला काय लिहिलंस? ‘गेट’. मग ठेकेदाराने गेटच बसवलं, चाक फिरवून वर-खाली करायचं लोखंडी. आपोआप मिटणं हे ‘मानस’ या शब्दात होतं, ‘गेट’मध्ये नव्हतं. मासळीची पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरायचा लिलाव, घेणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडलं, हवं तेव्हा वर करून खारं पाणी आत घेता येतं. गेल्या पावसात वरच्या दोन शेतांत पाणी का शिरलं, हे तुला माहीत आहे.

शब्दांमागे लपणारे लोक असतात, हेही मान्य. डॉक्टर ‘इडिओपॅथिक’ म्हणतात तेव्हा अर्थ एवढाच की कारण ठाऊक नाही. पाठ केलेला शब्द आणि कळलेला शब्द यांत फरक आहे आणि तो ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: हा शब्द कशाला कशापासून वेगळं करतो? ज्याला कळलंय तो लगेच दोन उदाहरणं देतो. सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगा, मीही सांगते, पण अर्ज लिहिताना, औषध देताना, बांध तपासताना त्या मुलाची भाषा वापरू नका.

मी आता बांधांच्या पाहणीला जाते तेव्हा नोंदवहीत ‘झिरपणारं पाणी: स्वच्छ / गढूळ’ असा रकाना हाताने आखून घेते, छापील फॉर्मात तो नाही. आणि पिशवीत एक पांढऱ्या काचेची बाटली असते. मेरेवर दहा मिनिटं ठेवली तर पुरते.